कुंताबाईचा पेपर

...अन् थे मॅडम मलेच म्हनते, "काका, तुम्ही बोलू नका!" सांगा बरं तुम्हीच, बायको माझी, आसगाववरून भंडाऱ्याले एसटीचे धक्के खात आनली मी, तिच्या बाटलीत पानी भरलं मी, अन् खोलीत पाय ठेवला नाई का मलेच हुकूम, तोंडाले कुलूप लावा! अवो, आमच्या घरची रीतच तशी हाय. कुंता घर पाहाते, अन् बोलाचं काम या देवाजीचं. लग्नात कोनी तिले विचारलं, "कशी हायस वं कुंताबाई?" का थे पदर सावरते अन् मी सांगतो, "बरी हाय." डॉक्टर तिले म्हनते जीभ दाखवा, तं तिच्या आधी माझी भाईर! जलमभर कोनाले तरास झाला काय? नाई झाला. अन् आता म्हने, काका, बोलू नका.

तुम्ही म्हनसान, मंग गेलाच कायले? मी कुठं गेलो, पोरानं धाडलं! आमचा भुपेंद्र नागपूरले नोकरीवर हाय. दर इतवारी मायले फोन करते. "माय, जेवली काय?" मी बाजूले बसूनच असतो, हळूच सांगतो, हव म्हन. थे म्हनते, हव. "काय भाजी केली माय?" मी सांगतो, वांगं म्हन. थे म्हनते, वांगं. झालं! सारं कसं बराबर चालून राहिलं होतं. आता भाजीत दोनदा मीठ पडलं, तं मी खाल्लं का नाई? खाल्लं! वरून पानी जास्त पेलो. एक दिवस तळ्याच्या काठाले, पारीवर उभी राहून रडत होती, घराची वाट कोनती म्हनून... तं हाताले धरून आनली का नाई? बायाईले सांगतलं, पाय मुरगळला तिचा. मेलेल्या बहिनीची वाट पाहात दारात बसते, तं मीबी बसतो बाजूले, कायले तिले एकटी बसू द्याची? पन दिवाळीले भुपेंद्र घरी आला. मायनं चहा देला. पेला. जरा वेळानं परत चहा देला. पेला बिचाऱ्यानं. मंग परत कप भरून आनला, "घे बापू, आल्यापासून चहा नाई देला तुले." पोरगं कप हातात धरून रडाले लागलं ना बापा! मंग कुठं लपवता?

तं गेलो. रश्मी मॅडम म्हनून हायेत, आपल्या पवनीचीच पोरगी, मानसाच्या मनाचं शिकलेली. मले वाटलं, पागलाईचा दवाखाना असन, साखळदंड असतीन. तं काहीच नाई! सुई नाई, गोळी नाई, नुसते सवाल. "काकू, आता कोणता महिना चालू आहे?" कुंतानं माझ्याकडं पायलं. आता थे माझ्याकडं पाहाते, तं मी गप बसनार काय? मी बोललो नाई, नुसता खोकललो. आता खोकल्यात मार्गशीर्ष आला, तं त्याले मी काय करू? मॅडम म्हने, "काका, तुम्ही बोलू नका."

मंग तिले शब्द देले, विळा, गाय, खिडकी. म्हने ध्यानात ठेवा, मी थोड्या वेळानं विचारीन. थोड्या वेळानं विचारलं. कुंता चूप. मी बोललो काय? आईशपथ नाई बोललो! मी खिडकीकडं पायलं. अन् डोक्यावर दोन बोटं उभी केली, गायीची शिंगं. अन् हातानं धान कापल्यावानी केलं जरासं. कुंता मले पाहून हासली, म्हने, "अवो, तुमाले झालं काय?" मॅडमनं उठून माझी खुर्ची भिताडाकडं फिरवून देली! या वयात, शाळेतल्या पोरावानी, भिताडाकडं तोंड!

"काका," मागून म्हने, "हा पास-नापासचा पेपर नाही. काकूंचं काय हरवलंय आणि काय शाबूत आहे, तेवढंच मला बघायचंय." म्हने मानसाचं डोकं एक खोली नसते. आज घडलेलं एकीकडं राहाते, जुनं दुसरीकडं, हाताची सवय अजून तिसरीकडं. खरं हाय बापा. औंदा धानाचे पऱ्हे लावाले बांधीत, चिखलात उतरली, तं तिची ओळ सरळ! दोरी लागली नाई. पन बांधीतून घरी यावं कसं, थे नाई समजलं तिले.

मंग माझी खुर्ची सरळ केली अन् म्हने, "आता तुमची पाळी. भुपेंद्रचा जन्म कोणत्या साली झाला?" लय सोपं! मी म्हटलं, हिले विचारा. "मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात झालं?" हिलेच माहीत. "तुमची बीपीची गोळी सकाळची की संध्याकाळची?" मी म्हटलं, थे देत होती ना मले हातात... आता कधी दोन्ही टाईम खातो, कधी खातच नाई. मॅडमनं पेन खाली ठेवला. म्हने, "काका, नवरा-बायको असंच करतात. एकाच्या डोक्यात दोघांचं सामान. काकूंच्या आठवणीत तुमचंही बरंच काही ठेवलेलं आहे." म्हटलं, मंग मॅडम, माझं सामान आता कोन काढून देईन मले?

अन् मंग तिनं थो सवाल विचारला. "काकू, तुमच्या मालकांचं नाव काय?"

कुंतानं मान खाली घातली. पदर तोंडाले लावला, अन् हासली. मॅडमनं वाट पायली. परत विचारलं. परत थेच, पदर अन् हासनं. मॅडमचं पेन कागदाकडं चाललं, अन् मी उठलोच! म्हटलं, चूक लिहू नोका! आमच्याकडली बाई मालकाचं नाव घेत नाई, मालकाचं आयुष्य कमी होते म्हनतात. राशनच्या दुकानात बी हे बाजूच्या बाईले म्हनते, "सांग वं तू याईचं नाव." माहीत हाय तिले! नुसती घेत नाई थे!

"काका, तुम्ही बोलू नका" म्हनाची गरजच पडली नाई. मी आपोआप थांबलो. कारन मलेच समजेना ना! घेत नाई म्हनून सांगत नाई, का आता राहिलंच नाई म्हनून सांगत नाई? मीठ चुकलं तं जिभेले समजते. वाट चुकली तं शोधाले जाता येते. पन जे नाव तिनं कधी घेतलंच नाई, थे गेलं का हाय, मले कसं समजावं? तिच्यापुढं खालीच बसलो. म्हटलं, घे ना वं. एकडाव घे. आयुष्य कमी झालं माझं तं होऊ दे, काय कराचं हाय त्याचं? घे ना वं, कुंता!

मॅडम हळूच म्हने, "काकू, लग्नातला उखाणा घ्या बरं."

काय सांगू तुमाले! कुंता ताठ बसली. पदर डोक्यावर घेतला. अन् नव्या नवरीवानी, लाजत, न अडखळता...

"वैनगंगेच्या डोहात मासोळी मारते सूर,
देवाजीरावांचं नाव घेते, माहेर राहिलं दूर."

मी टाळ्याच वाजवल्या! म्हटलं, पास! लिहा मॅडम, पास लिहा! मोठ्यानं लिहा! भुपेंद्रले फोन लावा! डोळ्याईतून पानी, अन् हासून राहिलो मी येड्यावानी. मॅडम काही हासली नाई. तिनं लय मायेनं विचारलं, "छान घेतलं काकू. मग हे देवाजीराव आता कुठे आहेत?"

कुंतानं खोलीभर पायलं. माझ्यावरून नजर फिरवली, अन् दरवाज्याकडं नेली. म्हने, "भाईर असतीन. बंडी जुपून राहिले असतीन." अवो, बंडी-बैल विकून जमाना झाला! मंग माझ्याकडं वळली, माझ्या हातावर हात ठेवला, अन् म्हने, "तुम्ही कायले रडता जी? तुमच्या घरचं कोनी बिमार हाय काय?"

मी म्हटलं, हव.

म्हने, "होते बरं सारं. माझे मालक येतच असतीन मले न्यायले."

आता काय बोलू? भांडू? आधार कार्ड दाखवू? म्हटलं, येते ना बाई, येते तो. जरा येंधळा हाय, पन येते. तो येतपर्यंत मी बसू काय इथं, तुमच्या बाजूले?

"बसा ना जी," म्हने. अन् जराशी सरकून जागा बी देली मले. मंग इकडं तिकडं पाहून हळूच म्हने, "पन थे आले का उठा हं. त्याईले आवडत नाई."

म्हटलं, हव. थे आले का उठतो.