संगं कुणी जायचं न्हाई

...आन् मला सांगा, बाण काढायला काय डोकं लागतं व्हय? भिताडावर गेरूनं बाण काढायचा, बाणाचं तोंड जिकडं, तिकडं पावण्यानं चालायचं, बाणाखालचा आकडा बघायचा, हातातल्या झेरॉक्सवर त्या आकड्यापुढं काय लिवलंय ते वाचायचं, झालं! आपलं आपण बघायचं, संगं कुणी जायचं न्हाई. इतकं सोपं! पण तुमाला सांगतो, जुन्नरात सोपं काम सोप्यानं झालं तर शप्पथ...

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कुठनं? आमच्या व्याह्यांमुळं! अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी गोरख, यष्टी स्टँडसमोर माझा एसटीडी बूथ, त्यातच झेरॉक्स. लेक वृषाली पुण्याला दिली. व्याही चांगदेवराव, मूळचं पेठचं बरं का, आंबेगाव तालुका, आपल्याच मातीतलं माणूस. पण पुण्यात बिऱ्हाड केलं आन् चाकणच्या पुढं जग हाय हेच इसरलं! लग्नानंतर पयल्यांदा जुन्नरला आलं, शिवनेरी चढलं, उतरलं. मी म्हणलं, चला, आता गाव दाखवतो. स्टँडपासनंच सुरुवात केली. म्हणलं, पावणं, ह्या गावानं सातवाहन बघितलं, नाणेघाटातनं माल चढायचा तो हितं उतरायचा, निजामशाहीचा पयला डाव हितं मांडला... सांगता सांगता मी स्टँडवरनं हाललोच न्हाई आन् त्यांची गाडी लागली. खिडकीतनं म्हणतात कसं, जरा नाकात बोलायची सवय हाय त्यांना, "गोरखराव, किल्ला छान. गावात मात्र तसं काही नाही. अर्ध्या तासात उरकलं."

उरकलं? दोन हजार वर्सांचं गाव, अर्ध्या तासात?

तरी मी गिळलं असतं, पण त्या घरात माझी पोरगी नांदती. दारात कुणी आलं की व्याह्यांचं सुरू... सूनबाईचं गाव म्हणजे किल्ला वजा केला तर शून्य! एक दिस वृषालीचा फोन आला, आवाज बारीक. म्हणली, "आबा, ते चेष्टेनं म्हणतात, पण मला लागतं." लेकीला लागलं म्हंजी बापाला किती लागलं आसंल, तुमीच सांगा. मग तिनंच तोड काढली. पुण्यात म्हणं परदेशी पावणी हातात नकाशा घिऊन पेठापेठांतनं एकलीच हिंडत्यात, बडबड्या माणूस संगं नसतो म्हणून त्यांना सगळं दिसतं. आता बडबड्या कोण ते तिनं सांगितलं न्हाई आन् मी बी इच्यारलं न्हाई.

ठरलं! आपलं आपण बघायचं, संगं कुणी जायचं न्हाई. बूथ बायकोच्या हवाली केला, गेरूचा डबा घेतला आन् निघालो. सदाबाजार, कल्याण पेठ, पणसुंबा पेठ, जुनी बारव, पंचलिंगाचं देऊळ, जिथं एका काळी जुन्नरी कागद व्हायचा ती आळी... कसा सरळ रस्ता आखला व्हता म्हणून सांगू! पयलाच बाण काढतोय तर ठमाबाई कमरेवर हात ठिऊन हुबी. म्हणली, "माझ्या दारावरनं बाण का न्हाई? माझ्या चौकटीवरचा गणपती तुला दिसला न्हाई व्हय रं?" आता चौकट खरंच बघण्यासारखी, लाकडात वेलबुट्टी अशी की हात फिरवत बसावं! वळवला बाण. पुढं बिरदेव, घोंगड्यांचं दुकान, घरात अजून मेंढरं. त्याचं म्हणणं, गावात दगडच बघायचेत व्हय, लोकर बघायची न्हाई? वळवला! मग काय, अख्खी आळी रुसायला बसली. नकाशा झाला जिलबीवानी, पण एक बी घर सुटलं न्हाई. अन् खरं सांगतो, बाण काढता काढता मला बी माझं गाव नव्यानं दिसाय लागलं. ऊर भरून यायचा राव!

मग दारोदार जाऊन सगळ्यांकडनं वचन घेतलं. व्याही येतील, तुमच्या दारावरनं जातील, त्यांच्या संगं कुणी जायचं न्हाई. सगळी म्हणली, न्हाई जानार. बिरदेवानं तर भंडारा उचलला!

रविवारी व्याही आलं. मी झेरॉक्स हातात दिली, म्हणलं, आपलं आपण बघायचं. आन् स्वतः बूथमधी बसलो. काय हाल झालं म्हणता! पाय शिवशिवत्यात, जीभ वळवळती, पण जायचं न्हाई. तेवढ्यात फोन. ठमाबाई! "व्याही आमच्यात बसल्यात, पोहे खात्यात, तू काळजी करू नगं." म्हणलं, अगं बाई, त्यांना चालू दे! तर तिनं फोनच ठिवला. दुपार झाली, व्याह्यांचा पत्ता न्हाई. पुण्याची गाडी लागली, व्याही न्हाईत. गाडी गेली, व्याही न्हाईत! शेवटी मीच माझा नेम मोडला आन् धावलो.

बघतो तर काय, बिरदेवाच्या ओट्यावर घोंगडी हातरलेली, त्यावर व्याही मांडी घालून, म्होरं मासवडीचं ताट, तिखटानं नाकाडोळ्यातनं पाणी, आन् भवतीनं निम्मी आळी. बारव राहिली, पंचलिंग राहिलं, कागदाची आळी राहिली... दुसऱ्याच बाणाला दिवस मावळला! बिरदेवाला बाजूला घेतला, म्हणलं, भंडारा उचलून वचन मोडलंस? तो म्हणला, "भाऊ, संगं कुणी गेलंय का? तुझा व्याही त्यो गावाचा व्याही. दारावरनं पाणी न पाजता कसा जाऊ द्यायचा?"

मी व्याह्यांना उठवलं आन् बूथवर आणलं. त्यांनी पुण्याला फोन लावला, वृषालीनंच उचलला आसंल. मी कान टवकारून हुबा. म्हणतात, "सूनबाई, आज मुक्काम करतो. दोन बाणांतच दिवस गेला. तुमचं गाव काही उरकणारं नाही." आन् फोन माझ्या हातात दिला. पलीकडनं वृषाली नुसतं "आबा" म्हणली. तुमाला सांगतो, त्या टायमाला माझी छाती शिवनेरीएवढी व्हती!

झालं ते बरं झालं म्हणाल... पण पुढचं ऐका की! आता व्याही दर म्हैन्याला येतात, आन् एकलं न्हाई, पुण्यातलं कुणी तरी धरून आणतात. माझ्याच बूथवर झेरॉक्स घेतात, पावण्याच्या हातात देतात, वर नेम सांगतात, आपलं आपण बघायचं, संगं कुणी जायचं न्हाई... आन् लगेच म्हणतात, चला, मी येतो! परवा असंच झालं. स्टँडवर हुबं राहून सुरू केलं, "आमच्या ह्या जुन्नरानं सातवाहन बघितले, नाणेघाटातनं माल यायचा..." सांगता सांगता पावण्याची गाडी लागली! पावणा खिडकीतनं म्हणला, "किल्ला छान. गावात मात्र तसं काही नाही."

व्याह्यांचं तोंड असं उतरलं म्हणता! माझ्या बूथम्होरच्या बाकड्यावर येऊन बसलं. मी काय करणार? म्हणलं, बसा पावणं, च्या सांगतो. आता तुमी बी जुन्नरचं झालात, एवढं ऐकून घ्यावंच लागतं...