हरवलेली ड्रमची पाटी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय बळवंतकाका, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आमच्या सत्कारमूर्ती शैलाबाई चुरी, आणि पहिली पाळी संपवून तशाच धावत आलेल्या माझ्या कारखान्यातल्या मैत्रिणींनो, सर्वांना भागीचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळाकडे बघताय ते दिसतंय हं काका!

नऊ वर्षं दर रविवारी बाईंनी बोईसरच्या या समाजमंदिरात आम्हा कामगारांना इंग्रजी शिकवलं. कसं? गळ्यात शब्दांच्या पाट्या अडकवून. एकेकाकडे एकेक शब्द, आणि आमची रांग म्हणजे वाक्य. बाईंचा नियम एकच, वर्णन करणाऱ्या शब्दाने ज्याचं वर्णन त्याचाच हात धरायचा. एकदा 'ड्रम' मी होते आणि 'लीकिंग'ची पाटी चिमीकडे. ही बया जाऊन 'सुपरवायझर'ला चिकटली! बाई ओरडल्या, "अगं चिमे, सुपरवायझर गळतोय का? ड्रमचा हात धर!" हसू नकोस चिमी, सगळ्यांना सांगणारच होते मी.

आता जे सांगते ते बाईंनाही ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी मी पॅकिंगमध्ये कंत्राटावर होते. रजिस्टर लिहायची कायम जागा निघाली. परीक्षा होती, इंग्रजीत अहवाल लिहायचा. जागा हुकली तर दिवाळीनंतर आईबापांसारखं वीटभट्टीवर जायचं, आणि लेकीची शाळा सुटणार. फार घाबरले होते मी.

पेपर बघितला, ड्रम गळतोय असं सुपरवायझरला कळवायचं होतं, आणि डोकंच बंद. आम्हाला उभं राहून वाक्य करायची सवय, इथे खुर्ची सोडायची नाही. मग मी टेबलावरच रांग लावली. केसांची पिन, डब्याचं झाकण, आणि मधोमध 'ड्रम'ची पाटी, बाईंच्या गठ्ठ्यातून धीरासाठी गुपचूप आणलेली. तेवढ्यात आमचे सुपरवायझर दिग्विजयसाहेब आले. परीक्षेत इंग्रजी शब्दाची पाटी! त्यांनी पेपरच ओढला.

"ये क्या है? नकल?"

मी पाटीवर बोट ठेवलं. म्हटलं, "नाय साहेब, नकल नाय. हा ड्रम हाय. ही पिन म्हणजे गळणारा. ती ड्रमला चिकटूनच पायजे."

त्यांनी झाकण उचललं. "और ये?"

"ते तुमी हाय, साहेब."

साहेब इतके हसले की शेजारच्या खोलीतली माणसं डोकावली. पाटी जप्त केली, पण पेपर परत दिला. मग ड्रमच्या जागी मी माझी मूठ ठेवली आणि अहवाल पुरा केला. नेमणुकीच्या पत्रासोबत साहेबांनी पाटीही परत दिली. लेक आता सातवीत आहे.

बाई, तेव्हापासून तुम्ही विचारताय, "ड्रम कोणी नेला?" आणि चोरी कबूल करायच्या लाजेने मी आपली सगळ्यांबरोबर शोधतेय. आता गुडघ्यांपायी तुम्ही एडवणला, वाडीतल्या घरी निघालात. सकाळी गठ्ठा माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, "वर्ग तू चालव भागी. एक पाटी कमी आहे, सांभाळून घे." ही घ्या बघा. गठ्ठा पुरा झाला. आता रडू नका हां बाई, मग मला बोलता येणार नाय.

संयोजकांचे आणि चहा ठेवलेल्या ताईंचे आभार. बोलताना माझ्या एखाद्या शब्दाने भलत्याचाच हात धरला असेल तर माफी असावी. रविवारी दहाला या, त्याला जागेवर उभा करू.