मनुबाईचं गोणपाट

त्र्याण्णव सालची गोष्ट. खोपटच्या एसटी डेपोत भिवंडीच्या गाडीला रांग लागलेली. ट्रक दुरुस्तीला टाकून आलेला गोपीनाथ ड्रायव्हर रांगेत उभा होता. त्याच्या पुढे मनुबाई कोळीण रिकामी पाटी घेऊन शेजारच्या बायजाशी बोलत होती, तेही बाजारातल्या आवाजात.

"माझी मालू एड्सवर काम करते गो."

"अगं बाई! नी पोरीलाच लागला म्हणजे?"

"हात लावून लागत नाय तो. माजिवड्याला ट्रकवाल्यांचं रक्त घेते नी पुण्याला धाडते. रोग कुठून आला, कसा पसरला, ते तिथं शोधतात."

"मग तू कशाला एवढी फुगतेस?"

"अगो, पहिल्या खेपेचं रक्त फुकट गेलं. बर्फ टिकावा म्हणून या शिकलेल्यांनी वर मीठ टाकलेलं! गोठलं सगळं. मी म्हटलं, मीठ कुल्फीला घालतात. मासळीला साधा बर्फ नी मध्ये गोणपाट."

"मग?"

"मग आता माझं गोणपाट जातं पुण्याला! मोठ्या डॉक्टरनं विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकलीस? मालू म्हणाली, आईच्या पाटीत."

"नी रक्त देणाऱ्याचं नाव लिहितात?"

"नाव नाय. नुसता नंबर."

गोपीनाथ खाकरला.

"मावशी, कुठं बसते तुमची मालू?"

"पेट्रोल पंपाच्या बाजूला, निळ्या तंबूत. का रे?"

"त्याच तंबूपर्यंत दोनदा जाऊन परत आलो."

मनुबाईनं पाटी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली.

"आज आत जा. तुझं रक्त मी वाटेत खराब होऊ देणार नाय."