वटवाघळं निघेपर्यंत

औशाजवळच्या लेण्यांसमोर आम्ही दहाबारा जण दिवेलागणीला वटवाघळांची वाट पाहत बसलो होतो. माझ्या मागे उदगीरचे एक दुकानदार आणि लातूरच्या क्लासमधून संध्याकाळपुरती सुटी मिळालेली त्यांची लेक.

“अप्पा, शर्त ध्यानात हाय ना? शेवटचं वटवाघूळ निघेपर्यंत तुम्ही एकबी प्रश्न इचारायचा न्हाई.”

“न्हाई इचारत. पण मी जिंकलो, तर नीटच्या रिपीटर बॅचला गुमान बसायचं.”

“आन् हरलात, तर बी.एस्सी.ला नाव घालायचं.”

“मंजूर. वटवाघूळ सस्तन हाय. नुसतं सांगायलोय, प्रश्न न्हाई.”

“अप्पा! निघाली बघा!”

“अगं आई गं! भट्टीतून धूर निघावा तशी निघालीत. क्लास सुटला की तुमची पोरं उजेडात सायकली आदळतेत. ही अंधारात आदळत कशी न्हाईत गं?”

“हरलात, अप्पा.”

“ह्यो परीक्षेतला प्रश्न न्हाई. मला खरंच ठावं न्हाई.”

“मग तर पक्का प्रश्न झाला.”

“बरं बाई, हरलो. उत्तर तरी सांग.”

“ते बी.एस्सी.ला शिकवतेत.”