दोन दिवसांची खळ

(चाकूरजवळची कागदाची गिरणी. लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळातली. मशीन बंद पडलेलं. श्रीमंत त्याचा ऑपरेटर, व्यंकटराव मॅनेजर, जगदेवी खळ शिजवणारी.)

व्यंकटराव : सही कर म्हणालो ना? कागदावरचा लेप निपटायचं पातं वाकडं बसवलं म्हणून रेघा आल्या, एवढंच लिहिलंय.

श्रीमंत : सही केली की माझी नोकरी गेली. पातं सरळ हाय, साहेब. वाकून बघा की.

व्यंकटराव : मग रेघा काय आभाळातून पडल्या?

श्रीमंत : खळीनं पडल्या. कागदावर चकचकीत थर धरायला आधी लॅटेक्स हुतं. ते बंद करून तुमी नुसती मक्याची खळ लावली.

व्यंकटराव : चार महिने त्याच खळीवर चाललं. तेव्हा तोंड शिवलं होतं का?

श्रीमंत : तवा मशीन मिनिटाला दोनशे मीटर पळत हुतं. कॅलेंडरच्या कागदाची घाई म्हणून परवापासून चारशेवर नेलं. एवढ्या वेगात घट्ट खळ पात्याखालून सरकत न्हाई, गोळा धरती. तिथंच रेघ उठती.

व्यंकटराव : खळ घट्ट? म्हणजे चूक जगदेवीची. तुझं नाव खोडतो, तिचं घालतो.

जगदेवी : वा रे श्रीमंत. मला पुढं केलंस व्हय?

श्रीमंत : तुझं नाव मी घेतलं न्हाई, अक्का.

जगदेवी : घेतल्यावानीच झालं. साहेब, टँकर एक दिवसाआड येतो, दोन दिवसाची खळ एकदम शिजव, हे कोन म्हन्लं? शिळी खळ थिजती, रोजच्या रोज शिजवाया पायजे, मी सांगितलं हुतं. तुमी म्हन्लाव, पानी न्हाई.

व्यंकटराव : दुष्काळ काय मी आणला?

श्रीमंत : वाद कशाला. कोठीत लॅटेक्सचे बारा ड्रम हायत, मीच उतरून घेतले. एक उघडा. चारशेवर एक रीळ काढतो. रेघ आली तर गुमान सही करतो.

व्यंकटराव : कोठी उघडणार नाही.

श्रीमंत : का म्हणून?

व्यंकटराव : लॅटेक्स राहिलं नाही. हैद्राबादचं गिऱ्हाईक घेऊन गेलं.

श्रीमंत : मंग ड्रम भरलेले कसे? परवा कोठी झाडताना एक सरकवून बघितला, हलंना.

व्यंकटराव : पाणी आहे त्यात. मालक येतात, गेस्टहाउसला लागतं.

जगदेवी : बारा ड्रम?

व्यंकटराव : आवाज खाली ठेव.

जगदेवी : म्हंजी पानी हुतं.