न बिघडलेला पंप

दुरुस्तीच्या दुकानात गिरणीवाली आपली मोटर घेऊन बाकावर बसली होती. तिच्या आधी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डिझेलपंपाचा नंबर होता.

“काका, पंप ठणठणीत आहे,” दुरुस्तीवाला म्हणाला.

“नीट बघ. पूर्वी सारखा बिघडायचा.”

“पूर्वी विहिरीच्या तळातून ओढून ओढून दमायचा. आता टेकडीवर चर खणले, ओढ्यावर बांध घातले, पाणी हाताशी आलं.”

“तेच दुखणं! दिवसभर चालायचा, तो आता तासाभरात गप्प.”

“डिझेल वाचलं की!”

“वाचलं रे. पण शेजारी पाळीची वाट बघत दिवसभर माझ्या विहिरीवर बसायचा. तुझी काकू गेल्यावर तेवढंच बोलणं. आता त्याचीही विहीर भरली.”

“मी यायचो की दुरुस्तीला.”

“यायचास. दोन-दोन चहा प्यायचास.”

“बरं, उघडून बघतो. पण या ताई खोळंबल्यात.”

गिरणीवालीनं मोटर पायानं बाकाखाली ढकलली. “मला कुठं घाई आहे?”

“आणि काका,” दुरुस्तीवाला म्हणाला, “पुढच्या वेळी एवढं ओझं आणू नका. नुसते या.”

“नुसतं कसं येणार? काही काम नको का?”