तिसराही परत

बाई : काकू, हाही परत घ्या. हाही खोटं दाखवतो.

काकू : अगं, तिसरा हा! आधी काट्याचा नेलास, मग आकड्यांचा, मग हा वायरवाला. माझ्या दुकानातले हे ओव्हनचे थर्मामीटर आहेत, चपला नव्हेत पायात घालून घालून बघायला.

बाई : याहून भरवशाचा असेल तर दाखवा ना. आज तरी केक नीट व्हायला हवा.

काकू : हाताला काय झालं?

बाई : ओव्हनची जाळी लागली.

काकू : लागली तर एक चट्टा पडतो. तुझ्या हातावर अख्खी जाळी उमटलीय. कोणी दाबून धरला?

बाई : ...माझंच चुकलं. काटा एकशेऐंशीवर होता, तरी केक करपला. ह्यांनी आधी ताट भिरकावलं. मग म्हणाले, यंत्राला कळत नसेल तर तुझ्या हाताला कळू दे. म्हणून म्हणते काकू, भरवशाचा द्या.

काकू : थांब. तुझे आधीचे दोन इथेच पडलेत. माझी बिस्किटं आत आहेत, ओव्हन तापलेला आहे. तिन्ही शेजारीशेजारी ठेवते.

(थोड्या वेळाने, ओव्हनच्या काचेपाशी.)

काकू : वाच.

बाई : एकशेऐंशी. हाही एकशेऐंशी. आणि हा... एकशेएक्याऐंशी.

काकू : यातला खोटा कुठला?

बाई : एकही नाही.

काकू : मग केक करपला कसा? काळा झाला होता?

बाई : मला बदामीच दिसला. वाटलं, माझेच डोळे फिरले.

नवरा : एवढ्याशा वस्तूला इतका वेळ? गाडीत किती बसायचं मी?

बाई : अहो, ऐका ना. आपला ओव्हन बरोबर आहे. केक करपला नव्हता.

नवरा : करपला की नाही ते मी ठरवणार. चल.

बाई : केस सोडा... अहो, तोंडावर नको, आई गं!

काकू : सोड तिला!

नवरा : म्हातारे, मधे पडलीस तर तुझंही थोबाड फोडीन.

काकू : ये की, फोड. हा ट्रे आत्ता ओव्हनमधून काढलाय. ये, धर.

नवरा : आ! हात... हात भाजला माझा!

काकू : किती भाजला ते तिला विचार. तिला आकडा माहीत आहे.

नवरा : तू घरी चल. आज जिवंत सोडत नाही तुला. इथंच बाहेर उभा आहे मी.

काकू : गेला बाहेर. बघू गं, ओठ फुटलाय तुझा. बस इथे, पाणी घे. चौथा थर्मामीटर काढू का?

बाई : नको. दाराला आतून कडी आहे ना, ती आधी लावा. आणि मग मला तुमचा फोन द्या.